तक्ता क्रमांक ४.१७

पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
तुमचा प्रबंध दुपारी शिवायला घेतला, लांजेवार मॅडम.
बर्डीच्या या बोळात सव्वीस वर्षं झाली,
दुसऱ्यांचं ज्ञान शिवून राहिलो मी,
आणि वाचतो दोनच पानं :
ऋणनिर्देश, कारण तिथं माणूस सापडतो,
आणि निष्कर्ष, कारण तिथं तो संपतो.

तुमचं मात्र मधलंच पान उघडं पडलं.
पंखा बंद होता. मे महिन्यात
पंखा लावला की कागद उडतात,
नाही लावला की जीव.

तक्ता क्रमांक ४.१७ :
लघुव्यावसायिकांना उधारीमुळे जाणवणारा ताण.
नमुना तीनशे चौऱ्याऐंशी.
पूर्णतः सहमत, एकशे बारा.
सहमत, एकशे एकोणनव्वद.
तटस्थ, एकोणीस.

पुढचे रकाने वाचले नाहीत.
त्या एकोणिसांत मी आहे.

तुम्हाला आठवायचं नाही.
तोंडाला स्कार्फ, गाडी चालूच ठेवलेली,
‘काका, दहा मिनिटं?’
बेचाळीस प्रश्न होते.
एकतिसाव्याला इतवारीतून पुगलियांचा फोन आला,
कागदाच्या तीन गठ्ठ्यांसाठी :
‘उरकुडे भाऊ, अजून किती दिवस?’
मी ‘हो शेठ, हो शेठ’ करत
पेन टेकवलं मधल्या चौकटीत.
ती मधे होती म्हणून.

एवढंच कारण.

आणि तुम्ही खाली लिहिलं :
‘तटस्थ प्रतिसादकांमध्ये
जोखमीविषयीची जाणीव अल्प आढळते.’

मी हसलो थोडा. मग खळ ढवळली.
मोरचूद जरा जास्तच पडला हातून.

तुम्ही वही मागितली असती
तर दाखवली असती. प्रश्नावलीत वही नव्हती.
बिघडलेल्या पानांच्या कोऱ्या पाठी शिवून केली आहे,
पुढून कोणाची तरी संदर्भसूची,
मागून माझी :
भिवापुरे सर, एकवीसशे, लग्न उरकलं की देतो म्हणाले.
लग्न उरकलं.
ढोक मॅडम, साडेसातशे, बदली गडचिरोली.
नानोटकर, चौदाशे. वारले.
खोडायचं नाही.

हे शेवटचं मीच लिहिलं, स्वतःसाठी.
का, ते मलाही सांगता यायचं नाही.
सहमत नाही, असहमत नाही,
पण तटस्थ तर मुळीच नाही.
त्याच्या हस्ताक्षरातली एक चिठ्ठी आहे त्या पानाला टाचलेली,
‘शालिकराव, निळं कव्हर मिळेल का?’
विद्यापीठात निळं चालत नाही.

शिफारस क्रमांक सहा मी दोनदा वाचली.
‘ओळखीवर आधारित उधारी
टप्प्याटप्प्याने बंद करण्यात यावी.’
बरोबर आहे. पुगलियाही हेच म्हणतात.
ते पान मी अगदी सरळ शिवलं,
दोरा एक वेढा जास्त घेतला.

संध्याकाळी तुम्ही धावत आल्या,
‘काका, ४.१७चा रकाना सरकलाय, हे नवीन पान घाला.’
मी टाके उसवले, पान बदललं, पुन्हा शिवलं.
तुम्ही पर्स उघडली, बंद केली, उघडली.
‘दोन हजार आता ठेवा.
हजार व्हायवा झाल्यावर, चालेल?’

चालेल, म्हटलं. काय म्हणणार?
ऋणनिर्देशात तुम्ही आईचं नाव आधी घातलंय,
गाइडचं नंतर.
असं फार कमी जण करतात.

तुम्ही गेल्यावर ते सरकलेलं पान उलटं केलं,
कोरी पाठ, छान जाड कागद,
पुगलियांचाच असावा.
लिहिलं : लांजेवार मॅडम, हजार.
पलीकडून एकोणीस पुसटसा दिसत होता.

प्रती शिकंज्यात आहेत.
रात्रभर राहू द्या, सकाळी दहानंतर न्या.
आणि नेल्या नेल्या पूर्ण उघडू नका,
नवीन आहे,
कण्याला ताण येतो.